प्रोबेशनवर आहे! : कच्च्या नोकरीच्या पक्क्या गोष्टी

जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या नाहीतर चटईच्या कारखान्यात मुलगा लागला, धुळ्यात एखाद्या बँकेत मुलगी रुजू झाली, की घरी दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "पगार किती?" दुसरा, "कायम कधी?" अहिराणीत विचारायचं तर, "आंडोर पक्का व्हयना का?" स्थळ बघायला आलेली मंडळीसुद्धा आधी हेच विचारतात. नोकरी लागणं आणि पक्कं होणं, यांच्या मधल्या काळाला ऑफिसात, कोर्टात आणि लग्नाच्या बैठकीत एकच नाव आहे: प्रोबेशन.

शब्द सगळ्यांच्या तोंडी, पण त्याच्या पोटात दडलेल्या गोष्टी फार थोड्यांना ठाऊक. त्यातल्या काही निवडक इथे घ्या. काही गमतीच्या आहेत, काही उद्या कामाला येतील अशा आहेत.

बूट शिवणाऱ्याने काढलेली वाट

प्रोबेशन नोकरीतच नाही, कोर्टातही असतं. गुन्हेगाराला तुरुंगात न टाकता सुधारायची संधी द्यायची, ही तिथली प्रोबेशनची कल्पना न्यायाधीशाची नाही, वकिलाचीही नाही. ती जॉन ऑगस्टस नावाच्या बूट बनवणाऱ्या कारागिराची. 1841 मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या कोर्टात एक दारुडा उभा होता. ऑगस्टसने त्याचा जामीन घेतला आणि त्याला सुधारायचा शब्द दिला. तीन आठवड्यांनी तो माणूस कोर्टात परत आला तेव्हा शुद्धीवर होता, नीटनेटका होता. न्यायाधीशांनी दंड केला फक्त एक सेंट आणि वर कोर्टाचा खर्च. 1859 मध्ये ऑगस्टस वारला, तोवर त्याने 1,900 हून जास्त माणसांची हमी घेतली होती. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तो राहिला, तिथे प्रोबेशनचा कायदा झाला 1878 मध्ये.

खानदेशात 1938 पासून

भारताचा प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट 1958 चा. पण मुंबई प्रांताने त्याच्या वीस वर्षं आधी, 1938 मध्येच, असा कायदा केला होता. आजचा जळगाव तेव्हा पूर्व खानदेश आणि धुळे पश्चिम खानदेश म्हणून याच प्रांतात होते.

1958 चा कायदा वाचण्यासारखा आहे. किरकोळ चोरी किंवा फसवणुकीसारख्या पहिल्याच गुन्ह्यात कोर्ट नुसती समज देऊन सोडू शकतं. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं, आणि त्या बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. आरोपी 21 वर्षांखालचा असेल आणि त्याला जन्मठेपेचा गुन्हा लागू नसेल, तर त्याला तुरुंगात पाठवायचंच असं ठरवताना न्यायाधीशांना कारण लिहून द्यावं लागतं. म्हणजे कोवळ्या वयात तुरुंग हा अपवाद, संधी हा नियम.

याच कायद्यात आणखी एक मोलाची तरतूद आहे: असा सुटलेला माणूस केवळ दोषी ठरला म्हणून कायद्याने अपात्र ठरत नाही. मात्र दोष पुसला जात नाही. खात्याची चौकशी व्हायची असेल, तर ती होऊ शकते.

प्रोबेशन, पॅरोल, फर्लो

बातम्यांत हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी बसवले जातात. फरक सोपा आहे. प्रोबेशन तुरुंगाच्या दाराबाहेर मिळतं, म्हणजे माणूस आत जातच नाही. पॅरोल आणि फर्लो आत गेलेल्या कैद्याला मिळतात. महाराष्ट्रात त्यांची मूळ नियमावली 1959 ची आणि मराठी नावं सुरेख: पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा. पॅरोलला आजारपण, मृत्यू असं काही कारण लागतं. फर्लो शिक्षा भोगता भोगता साठत जाते.

जळगावच्या सराफ्याला कळेल असा अर्थ

मूळ शब्द लॅटिन, 'प्रोबारे', म्हणजे पारखून पाहणं, खरं ठरवणं. इंग्रजीतला 'प्रूव्ह' तिथूनच आला आणि मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे 'प्रोबेट', तोही तिथलाच. सोन्यासाठी नावाजलेल्या जळगावात हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. काळ्या कसोटीवर दागिना घासतात, रेघ उमटते, आणि कस कळतो. घासल्याने सोन्याचा अपमान होत नाही, त्याचा भाव ठरतो. प्रोबेशनचा खरा हेतूही भाव ठरवणं हाच आहे.

'वि' की 'वी'?

सरकारी मराठीत प्रोबेशनला परिवीक्षा म्हणतात. परि, वि आणि ईक्षा: चहूबाजूंनी, नीट, पाहणं. वि आणि ईक्षा यांचा संधी 'वीक्षा' होतो, म्हणून 'वी' दीर्घ हवी. तरी कितीतरी आदेशांत, पाट्यांवर आणि बातम्यांत 'परिविक्षाधीन' असं ऱ्हस्वच दिसतं. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांनी हा एक गुण खिशात टाकावा.

चार महिने? मी चार वर्षं थांबतो!

जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे शेकडो वर्षं भिक्खू राहिले, आणि त्यांच्या परंपरेतही प्रोबेशन होतं. बौद्ध विनयात दुसऱ्या पंथातून संघात येणाऱ्याला चार महिने 'परिवासा'त काढावे लागत. भिक्खूंचं समाधान झालं, तरच उपसंपदा, म्हणजे संघात पक्का प्रवेश.

यातली सर्वांत हृद्य गोष्ट सुभद्राची. बुद्ध महापरिनिर्वाणाच्या उंबरठ्यावर असताना हा दुसऱ्या पंथाचा परिव्राजक त्यांच्याकडे आला. चार महिन्यांची अट ऐकून तो म्हणाला, चार महिने काय, चार वर्षं थांबेन. त्याची तळमळ बघून त्याला तिथेच दीक्षा मिळाली. बुद्धांचा तो शेवटचा शिष्य. नियम होता, पण नियम राबवणाऱ्याला माणूसही दिसत होता.

खानदेशात जैन समाज मोठा आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. श्वेतांबर परंपरेत आधी छोटी दीक्षा होते आणि काही काळ गेल्यावर बडी दीक्षा. मधला काळ नव्या साधूने व्रतांत रुळण्याचा.

घोड्यामुळे हुकलेली कलेक्टरी

इंग्रजांच्या काळी आयसीएसची परीक्षा पास झालं की लगेच साहेब होता येत नसे. आधी प्रोबेशनर म्हणून विलायतेत अभ्यास, आणि शेवटी घोडेस्वारीची परीक्षा. अरविंद घोष 1890 मध्ये लेखी परीक्षा उत्तम गुणांनी पास झाले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला हजरच झाले नाहीत आणि 1892 मध्ये यादीतून वगळले गेले. पुढच्या वर्षी ते बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत आले. मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये त्यांचे जहाल लेख आले ते 1893 पासून. पुढे तेच योगी अरविंद झाले.

सुभाषचंद्र बोस यांनी तर 1920 मध्ये आयसीएसच्या परीक्षेत चौथा क्रमांक मिळवला आणि 1921 मध्ये प्रोबेशनवर असतानाच राजीनामा दिला. प्रोबेशनमध्ये नोकरी उमेदवाराला पारखते, तसा उमेदवारही नोकरीला पारखतो, याचं याहून मोठं उदाहरण सापडणार नाही.

मसुरीहून सातपुड्याच्या पायथ्याशी

आजच्या आयएएस अधिकाऱ्यालाही आधी दोन वर्षं प्रोबेशन. मसुरीच्या लालबहादूर शास्त्री अकादमीतून त्याला जिल्ह्यात पाठवतात. तिथे तलाठ्याच्या दप्तरापासून जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत सगळं शिकायचं. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला मराठीच्या परीक्षाही द्याव्या लागतात. खानदेशात त्यावर आणखी एक धडा घडतो. प्रमाण मराठी घोटून आलेल्या साहेबाला शिरपूर-साक्रीकडे अहिराणी आणि भिल्ली ऐकू येते, यावल-रावेरकडे लेवा गणबोली. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा होईपर्यंत तर एकट्या धुळे जिल्ह्यात अक्कलकुव्यापर्यंतचा मुलूख येत होता.

वेगवेगळ्या सेवांचे प्रोबेशनर राष्ट्रपतींच्या भेटीला जातात, हा रिवाज आहे. 2007 ते 2012 या काळात राष्ट्रपती भवनात त्यांचं स्वागत करायला जळगावच्या एम. जे. कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी होत्या: प्रतिभाताई पाटील.

नावातच प्रोबेशन

बहुतेक पदांत प्रोबेशन आतून असतं, बँकेच्या पीओच्या मात्र नावातच आहे: प्रोबेशनरी ऑफिसर. स्टेट बँकेत पीओला दोन वर्षं प्रोबेशन, तर लिपिक वर्गातल्या ज्युनियर असोसिएटला सहा महिने. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत "पीओ झाला" म्हणजे जिंकलं असं मानतात. प्रोबेशन संपलं, तरी गावात तो "पीओ"च राहतो.

तीन वर्षांचे सेवक

महाराष्ट्राने 2000 साली शिक्षण सेवक योजना आणली. नवा शिक्षक आधी तीन वर्षं ठरलेल्या मानधनावर काम करणार, मग वेतनश्रेणीत येणार. हे मानधन बरीच वर्षं प्राथमिकला 6,000, माध्यमिकला 8,000 आणि उच्च माध्यमिकला 9,000 रुपये होतं. 1 जानेवारी 2023 पासून ते 16,000, 18,000 आणि 20,000 झालं. ग्रामसेवक आणि कृषी सेवक यांनाही अशीच मानधनाची वर्षं काढावी लागली.

यात प्रोबेशनचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. पारखायचा काळ असणं योग्यच. पण पाड्यावरच्या शाळेत वर्ग तोच, पोरं तीच, फळा-खडूही तेच, आणि पगार तेवढा अर्धा-पाव, तर ती पारख राहत नाही, काटकसर होते. मानधन वाढलं हे चांगलं झालं. ते वाढायला इतकी वर्षं लागायला नको होती.

खासगी शाळांसाठी 1977 चा कायदा आहे. त्यात मूळ तरतूद दोन वर्षांच्या प्रोबेशनची, आणि ती दोन वर्षं नीट पार पडली की शिक्षक आपोआप कायम मानला जातो.

गिरणीतला 'बदली'

अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, चाळीसगावची लक्ष्मीनारायण, जळगावची खानदेश मिल. या गिरण्यांच्या काळात घराघरात कामगारांच्या जाती माहीत होत्या: कायम, हंगामी आणि बदली. बदली म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल तर त्याच्या जागी उभा राहणारा. रोज भोंग्याला दाराशी जायचं, काम मिळालं तर आत, नाहीतर घरी.

1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना नियम झाले, त्यांत या सगळ्यांच्या व्याख्या होत्या. त्यानुसार प्रोबेशनर म्हणजे कायम जागेवर तात्पुरता घेतलेला आणि सलग तीन महिने पूर्ण न झालेला कामगार. जागा कायम आहे, माणूस अजून नाही, हा प्रोबेशनचा गाभा. आणि कामगारांच्या तोंडी असलेले ते "दोनशे चाळीस दिवस"? बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं की कायद्याने एक वर्षाची अखंड सेवा धरली जाते. काढायचं झालं तर नोटीस आणि भरपाईचा हक्क त्यातून येतो. 240 दिवस भरले म्हणजे आपोआप कायम, हा मात्र गैरसमज.

भुसावळकरांनो, अप्रेंटिस वेगळा!

भुसावळमध्ये रेल्वे आहे, लोको शेड आहे, आयुध निर्माणी आहे, आणि स्टेशन मास्तरांपासून अनेकांना घडवणारी क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्था आहे. त्यामुळे "पोरगा अप्रेंटिसला लागला" हे वाक्य तिथे रोजचं. पण 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा शिकाऊ, कामगार नव्हे. त्याला विद्यावेतन मिळतं. प्रोबेशनर मात्र नोकर असतो, त्याला पगार मिळतो. शिकाऊपण संपल्यावर तिथेच नोकरी मिळेल, असं गृहीत धरू नये.

साहेब गप्प, म्हणजे कायम?

प्रोबेशनची मुदत संपली आणि काहीच कागद आला नाही तर? 1968 च्या धरमसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: नियमांतच प्रोबेशनची कमाल मर्यादा असेल आणि ती उलटूनही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर तो कायम झाला असं मानावं लागेल. पण नियमात अशी मर्यादाच नसेल, तर नुसत्या गप्प बसण्यातून कोणी कायम होत नाही. म्हणून नियमपुस्तकातलं "जास्तीत जास्त" हे एक कलम शोधून ठेवा.

आणि काढून टाकलं तर? 1958 च्या ढिंग्रा खटल्यापासून आणि 1974 च्या शमशेरसिंग खटल्यापासून एक गोष्ट पक्की झाली. सरकारी प्रोबेशनरला साध्या शब्दांत "सेवा समाप्त" करता येते. पण त्या साध्या शब्दांआड गैरवर्तनाचा ठपका आणि शिक्षा लपवली असेल, तर कोर्ट आत डोकावतं. ठपका ठेवायचा असेल, तर आधी चौकशी हवी.

न्यायमूर्तींनाही दोन वर्षं

जळगाव आणि धुळ्याची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातात. तिथल्या अनेक न्यायमूर्तींची सुरुवात 'अतिरिक्त न्यायाधीश' म्हणून होते. घटनेच्या 224 व्या कलमानुसार ही नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची, आणि नंतर कायम नेमणुकीचा वेगळा आदेश लागतो. कलम आणलं गेलं साठलेले खटले निपटायला, प्रोबेशन हा शब्दही त्यात नाही. प्रत्यक्षात मात्र ती दोन वर्षं कायम होण्यापूर्वीची पारखच ठरतात.

जळगावचा शेंगदाणा आफ्रिकेत पास

पारखायचा काळ माणसांनाच असतो असं नाही. पिकाचं नवं वाण शेतकऱ्याच्या हाती येण्याआधी सरकारी शेतांवर आधी प्राथमिक आणि मग प्रगत चाचण्या होतात, साधारण तीन वर्षं. पाऊस कमी, रोग जास्त, जमीन हलकी, सगळ्यांत टिकलं तरच पुढे. धुळ्याच्या संशोधन केंद्रात बाजरीची वाणं अशीच पारखली गेली. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचा भुईमूग जेएल-24, म्हणजे फुले प्रगती, असाच निवडून निघाला. नावातलं 'जेएल' म्हणजे जळगाव. हेच वाण आफ्रिकेत मलावी देशातही पास झालं. तिथे त्याचं नाव काकोमा.

जर्मनीत सहा महिने

पुण्या-नाशिकहून, जळगावहूनही, जर्मनीला गेलेल्या इंजिनीअरांच्या तोंडी एक शब्द लवकर बसतो: प्रोबेत्साइट. तिथे प्रोबेशन करारात असतं आणि कायद्याने सहा महिन्यांच्या वर जात नाही. या काळात नोकरी सोडायची किंवा काढायची तर दोन आठवड्यांची नोटीस, दोन्ही बाजूंना सारखीच. गंमत म्हणजे नव्या वाहनचालकालाही तिथे दोन वर्षं प्रोबेत्साइट. आपल्याकडे एमएच 18 च्या धुळ्यात काय आणि एमएच 19 च्या जळगावात काय, लर्निंग लायसन्स सहा महिन्यांचं आणि 30 दिवसांनी पक्क्यासाठी परीक्षा.

एटीकेटीची परदेशी मावशी

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलाने घरी फोन करून "अकॅडमिक प्रोबेशनवर आहे" म्हटलं, तर पोलिसांचं काही नाही, घाबरू नका. गुणांची सरासरी ठरलेल्या रेषेखाली गेली, की विद्यापीठ एखादं सत्र मुदत देतं: सुधार, नाहीतर जा. आपली एटीकेटी विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाऊ देते. इथेही मुळाशी दुसरी संधीच आहे.

प्राध्यापकही यातून सुटत नाहीत. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार नव्या प्राध्यापकाला एक वर्ष प्रोबेशन, आणि काम समाधानकारक नसेल तर आणखी जास्तीत जास्त एक.

पहिल्या दिवसापासूनचे हक्क

"प्रोबेशनवर आहेस, तुला काही मिळत नाही" हे वाक्य खोटं आहे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा जिथे लागू आहे, तिथे पात्र कामगाराचा पीएफ रुजू झाल्या दिवसापासून कापला पाहिजे. प्रसूतीच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला प्रसूती रजेचा हक्क आहे, मग ती कायम असो वा नसो. आणि पुढे ग्रॅच्युइटीसाठी वर्षं मोजताना प्रोबेशनचा काळही धरला जातो.

सही करण्याआधी

बॉस्टनच्या कोर्टापासून अजिंठ्याच्या भिक्खूंपर्यंत आणि प्रताप मिलच्या दारापासून मलावीच्या शेतापर्यंत बघितलं, तर न्याय्य पारखीच्या खुणा सारख्याच दिसतात: मुदत ठरलेली असते, मोजमाप आधी सांगितलेलं असतं, आणि शेवटी स्पष्ट उत्तर मिळतं. ज्या प्रोबेशनला यांतलं काहीच नाही, ते माणसाला नुसतं टांगून ठेवणं आहे.

म्हणून खानदेशातल्या प्रत्येक नव्या नोकरदाराला एक कळकळीची विनंती. नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा: प्रोबेशन किती महिन्यांचं? जास्तीत जास्त किती वाढू शकतं? नोटीस किती दिवसांची, आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का? कायम केल्याचं पत्र लेखी मिळेल का? विचारायला लाजू नका. उत्तरं कागदावर घ्या आणि तो कागद जपून ठेवा.

आणि कारखानदार, संस्थाचालक, दुकानदार यांनाही तेवढंच सांगणं: मुदत संपेल त्या दिवशी हो किंवा नाही, जे असेल ते लेखी द्या. पारखायचा हक्क तुम्हाला आहे, तसा वेळेवर उत्तर मिळण्याचा हक्क समोरच्यालाही आहे.